पाठीच्या कण्याचा सौम्य बांक आणि शिक्षकाची नजर

वरच्या प्राथमिक वर्गातील एखादी मुलगी सरळ उभी असतानाही तिचा एक खांदा दुसऱ्याहून किंचित उंच दिसतो, अथवा खांद्याचे एक पाते अधिक वर आलेले असते. "नीट उभी राहा" असे शिक्षक सांगतात. तीही प्रयत्न करते. परंतु दोष सवयीचा नसून कण्याचा असतो. कणा एका बाजूस झुकून स्वतःभोवती पिळलेला असतो. अशा मुलीस दटावून काहीच साधत नाही.

या विकारास स्कोलिओसिस म्हणतात. किशोरवयातील शंभरांपैकी सुमारे २ ते ३ मुलांत तो आढळतो, आणि बांक वाढण्याचा धोका मुलींत अधिक असतो. बहुतेकांच्या बाबतीत कारण अद्याप उमगलेले नाही. दप्तराचे ओझे हे ते कारण नव्हे. दप्तर हलके असावे, पण ते निराळ्या कारणासाठी.

लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम ॲडम्स यांच्या नावाने ओळखली जाणारी एकोणिसाव्या शतकातील परीक्षा आजही उपयोगी आहे. मुलास अनवाणी, पाय जुळवून उभे करावे. तळवे एकत्र जुळवून, गुडघे न वाकवता, हळूहळू ओणवे होण्यास सांगावे. आपण मागे बसून डोळे पाठीच्या पातळीवर आणावे. पाठीची एक बाजू उंचवट्यासारखी वर आलेली दिसल्यास कण्यात पीळ असण्याचा संभव आहे. वाकडे उभे राहण्याची नुसती सवय असेल, तर ओणवे होताच पाठ बहुधा समान दिसते. मुलींची परीक्षा शिक्षिकेनेच, आडोशाला व पालकांच्या संमतीने करावी.

निदान मात्र शिक्षकाचे काम नव्हे. पालकांस समजावून मुलास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास दाखवावे किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. कणा चोळून, दाबून सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडे नेऊ देऊ नये.

क्ष-किरण चित्रावर बांकाचा कोन मोजतात. तो २५ अंशांहून कमी असल्यास बहुधा ठराविक महिन्यांनी तपासणी पुरते. उंची वाढत असून कोन २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर ब्रेस, म्हणजे धडाभोवती घट्ट बसणारे कठीण प्लॅस्टिकचे कवच, देतात. शस्त्रक्रियेचा विचार साधारणतः ४५ ते ५० अंशांपुढे होतो. ब्रेसने जुना बांक नाहीसा होईलच असे नाही. तो वाढू न देणे हे त्याचे मुख्य कार्य. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बांक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही. केवळ देखरेखीखालील मुलांत हे प्रमाण ४८ टक्के होते. रोज सरासरी १३ तास वा अधिक वेळ ब्रेस वापरणाऱ्यांत यश ९० टक्क्यांवर गेले. पण वाढ पुरी झाल्यावर हा उपाय निरुपयोगी ठरतो. मुलींची उंची झपाट्याने वाढते ती बहुधा पाचवी ते सातवीच्या काळात, म्हणजे त्या आपल्या वर्गात असतानाच.

जर्मनीतील कातारिना श्रोट यांच्या पद्धतीसारखे खास व्यायाम उपचारास जोड देतात. ते प्रशिक्षित व्यक्तीकडूनच शिकावे लागतात. सूर्यनमस्कार प्रकृतीस हितकर खरे, परंतु ब्रेसची जागा ते घेऊ शकत नाहीत.

ब्रेस घालणाऱ्या मुलीस मांडी घालून बसणे कठीण जाते. तिला बाक द्यावा. आत सुती बनियन असावे, व घामाने ते भिजल्यास बदलण्यास मोकळीक असावी. खेळाच्या तासाला ब्रेस काढावा की नाही हे डॉक्टरांस विचारून ठेवावे. चिडवाचिडवीमुळे कित्येक मुली ब्रेस घरीच ठेवून येतात. तेव्हा ती येण्यापूर्वीच वर्गास दोन शब्द सांगून ठेवावेत.