एकच ऊस, अनेक उत्पादने : खर्च कोणाच्या माथी?

साखर कारखान्याच्या गव्हाणीत पडणारा ऊस एकच असतो. त्यातून साखर, मळी आणि बगॅस मात्र एकाच वेळी निर्माण होतात. एक टन उसापासून साधारणतः १०० ते ११० किलो साखर, ४० ते ४५ किलो मळी आणि २८० ते ३०० किलो ओला बगॅस मिळतो. उसाची किंमत, तोडणी, वाहतूक व गाळप हा खर्च तिन्हींसाठी सामायिक असतो. मग त्यातील मळीचा खर्च किती आणि साखरेचा किती?

वाटणीचा भ्रम

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक टन उसाचा एकूण सामायिक खर्च ४,००० रुपये आहे. साखरेचे ३,७००, मळीचे ३०० व बगॅसचे २०० असे ४,२०० रुपये मिळतात. म्हणजे २०० रुपये शिल्लक राहते. आता १०५ किलो साखर, ४५ किलो मळी व ३०० किलो बगॅस या वजनांच्या प्रमाणात खर्च वाटला, तर बगॅसच्या माथी सुमारे २,६६७ रुपये येतात व तो प्रचंड तोट्यात दिसतो. सर्व खर्च साखरेवर टाकला, तर साखरच ३०० रुपये तोट्यात जाते. कारखान्याची शिल्लक मात्र दोन्ही हिशेबांत २०० रुपयेच! वाटणीच्या आकड्यावर विसंबून बगॅस टाकून दिला, तर ती शिल्लकही नाहीशी होईल.

निर्णयाची कसोटी

म्हणून गाळप वाढवावे काय हे ठरविताना, वाढीव एक टन उसाचा जादा खर्च आणि त्यापासून मिळणाऱ्या सर्व उत्पादनांचे एकत्रित जादा उत्पन्न यांची तुलना करावी. उत्पादने वेगळी झाल्यानंतर कसोटी बदलते. ३०० रुपयांच्या मळीवर २०० रुपये खर्चून ६०० रुपयांचे मद्यार्क होत असेल, तर हाती ४०० रुपये राहतात. प्रक्रिया करणे १०० रुपयांनी फायद्याचे ठरते. येथे उसाच्या ४,००० रुपयांचा विचार करण्याचे कारण नाही. तो खर्च आधीच झालेला असतो. आसवनी नव्याने उभारावयाची असल्यास तिचा भांडवली खर्च मात्र हिशेबात धरलाच पाहिजे.

मळीत अधिक साखर ठेवून इथेनॉल वाढविता येते. तेव्हा गमावलेल्या साखरेची किंमत हाच त्या इथेनॉलचा खरा खर्च होय. साखरेच्या किमान विक्री दराचे बंधन केंद्र शासनाने जून २०१८ मध्ये घातले. इंधनासाठीच्या इथेनॉलचे दरही शासन ठरविते. त्यामुळे कारखान्याच्या हाती किमतीपेक्षा प्रमाण ठरविण्याचेच स्वातंत्र्य अधिक असते. तेही निरपवाद नाही : डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले व ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठविण्यात आले.

सभासदाचा संबंध

रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर व उपपदार्थांच्या मूल्याचा ७० टक्के, किंवा केवळ साखरेच्या मूल्याचा ७५ टक्के वाटा ऊस उत्पादकास देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने २०१३ मध्ये उत्पन्नाच्या वाटणीसंबंधी कायदा केला. येथे मळीचा हिशेबी दर महत्त्वाचा ठरतो. कारखान्याने स्वतःच्या आसवनीस मळी बाजारभावापेक्षा कमी दराने दिल्याचे दाखविले, तर नफा आसवनीच्या खात्यावर सरकतो आणि उसाच्या भावासाठी धरावयाचे मूल्य घटते.

सामायिक खर्चाची वाटणी कोणत्याही पद्धतीने केली, तरी कारखान्याचा एकूण नफा बदलत नाही. परंतु उपपदार्थ कोणत्या दराने हिशेबात धरले, यावरून त्या नफ्यातील शेतकऱ्याचा वाटा बदलू शकतो. वार्षिक सभेत ताळेबंद हाती येताच सभासदाने प्रथम पाहावयाचा आकडा हाच होय.