विकासकांचे कर्जप्रस्ताव आणि छाननीचा खर्च

गृहनिर्माण प्रकल्पासाठी विकासक बँकेकडे अर्थसाहाय्य मागतो, तेव्हा कर्जाचा एक रुपयाही वितरित होण्यापूर्वी बँकेचा खर्च सुरू झालेला असतो. वकील, मूल्यांकनकार, अभियंता आणि बँकेचे अधिकारी त्या प्रस्तावावर काम करीत असतात. हा खर्च कोणी सोसावा आणि तो कोणत्या तत्त्वावर वसूल करावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

छाननीचे स्वरूप

बेंगळूरुमधील प्रकल्पाच्या छाननीत मालकीहक्काची साखळी, बोजा प्रमाणपत्र, खाते, मंजूर नकाशा आणि रेरा नोंदणी तपासली जाते. जमीन मुळात शेतीची असल्यास कर्नाटक जमीन महसूल अधिनियम, १९६४ च्या कलम ९५ खालील बिनशेती परवानगीही पाहावी लागते. याखेरीज तलाव व ‘राजकालुवे’ म्हणजे पावसाळी पाण्याचे मोठे नाले यांपासूनचे अंतर महत्त्वाचे असते. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१६ मध्ये तलावांभोवतीचा मोकळा पट्टा ७५ मीटर ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये तो आदेश रद्द केला. मधल्या काळात एकाच भूखंडावर किती बांधकाम होऊ शकेल, याचे उत्तरच बदलले होते. अशा ठिकाणी नकाशाची प्रत फाइलला जोडून भागत नाही. प्रत्यक्ष जागेवर जाऊन मोजणी करावी लागते.

भार कोणावर?

हा खर्च विकासकाकडून वसूल न केल्यास तो बँकेच्या सर्वसाधारण खर्चात मिसळतो. म्हणजेच तो अप्रत्यक्षपणे ठेवीदार व इतर कर्जदार यांच्यावर पडतो. नामंजूर झालेल्या प्रस्तावालाही श्रम व पैसा लागलेला असतोच. म्हणून प्रक्रिया शुल्क हे तपासणीचे मोल आहे, मंजुरीचे नव्हे, हे तत्त्व उभय पक्षांनी आरंभीच मान्य करावयास हवे. रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये स्पष्ट केल्यानुसार, कर्जाची रक्कम कितीही असो, अर्जाच्या नमुन्यातच शुल्काची माहिती आणि अर्ज स्वीकारला न गेल्यास परत मिळणारी रक्कम नमूद असली पाहिजे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १०० सदनिकांच्या प्रकल्पास ४० कोटी रुपयांचे कर्ज हवे आहे आणि शुल्क अर्धा टक्का आहे. शुल्क २० लाख रुपये, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ३ लाख ६० हजार. एकूण २३ लाख ६० हजार रुपये. विकासकाने हा सर्व भार किमतीत मिळविला, तरी प्रत्येक सदनिकेमागे २३,६०० रुपये होतात. रखडलेल्या घरासाठी भाडे आणि हप्ता दोन्ही भरणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम अल्पच म्हणावी लागेल.

पैसे विकासकाचे, नेमणूक बँकेची

येथे एक धोका संभवतो. ज्याच्या खिशातून मानधन जाते, त्याच्याकडे अहवालाचा कल झुकू शकतो. म्हणून वकील व मूल्यांकनकार बँकेने आपल्या पॅनेलवरून नेमावेत, त्यांचे मानधन बँकेमार्फत द्यावे आणि अहवाल थेट बँकेकडे यावा. विकासकाने स्वतः करवून आणलेला अहवाल हा त्यास पर्याय होऊ शकत नाही.

छाननी मंजुरीपाशी संपत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या प्रकल्प वित्त निर्देशांनुसार कर्जाचे वितरण कामाच्या टप्प्यांच्या प्रमाणात करावयाचे असून, त्या टप्प्यांस स्वतंत्र अभियंता किंवा वास्तुविशारद यांचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. या वारंवार होणाऱ्या खर्चाची तरतूद मंजुरीपत्रातच स्पष्ट करून ठेवल्यास पुढील वाद टळतात.

घर घेणाऱ्यांसाठी

बँकेने प्रकल्पास कर्ज दिले म्हणजे ग्राहकाच्या हक्काची हमी दिली, असा समज करून घेऊ नये. ती तपासणी बँकेच्या पैशाच्या सुरक्षिततेसाठी असते. प्रकल्प कोणत्या बँकेकडे गहाण आहे हे माहितीपत्रकात वाचावे, त्या बँकेचे ना-हरकत पत्र मागावे आणि स्वतंत्र वकिलाकडून कागदपत्रे पाहून घ्यावीत. रेरा कायद्यान्वये ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक आहे. आपला धनादेश त्याच प्रकल्पाच्या अधिकृत खात्यावर काढला जात आहे ना, याचीही खात्री करून घ्यावी.

वेळीच केलेली छाननी ठेवीदार, विकासक आणि घर घेणारे कुटुंब या तिघांच्याही हिताची असते. तिचा खर्च उघडपणे सांगून, योग्य व्यक्तीकडून आणि योग्य वेळी घेणे, हे म्हणूनच चोख बँकव्यवहाराचे अंग आहे.