सेफ्टी व्हॉल्व्हच्या खालची पाइप

चि. मृणाल हिस,


वाळूज एमआयडीसीतल्या कारखान्यात युटिलिटी विभागात रुजू होणाऱ्या इंजिनिअरच्या हातात आधी फाइल येते. सेफ्टी व्हॉल्व्हची टेस्ट सर्टिफिकेटं, ताज्या तारखा, ठळक शिक्के. ती जरूर वाच. मग प्लँटमध्ये जाऊन व्हॉल्व्हच्या खालची पाइप बघ, कारण अमेरिकेतल्या दोन गाजलेल्या अपघातांचं मूळ तिथेच सापडलं.

ह्यूस्टनच्या गुडइयर कारखान्यात अमोनियावर चालणाऱ्या एका हीट एक्स्चेंजरची रप्चर डिस्क बदलायची होती. 10 जून 2008 रोजी त्यासाठी शेल आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामधला आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद केला गेला. डिस्क बदलून झाली. आयसोलेशन व्हॉल्व्ह मात्र कुणी उघडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्यूबच्या बाजूची लाइन धुवायला वाफ सोडली, आणि त्या वेळी दाब नियंत्रित करणाऱ्या व्हॉल्व्हचा रस्ताही बंद होता. अमोनियाचा बाष्पदाब 0 अंशाला सव्वाचार बारच्या आसपास असतो. 50 अंशाला तो 20 बारच्या वर जातो. शेलमध्ये कोंडलेल्या द्रवाला जायला वाट उरली नाही. एक्स्चेंजर फुटला आणि एक महिला कर्मचारी दगावली. सगळे बाहेर आल्याचं हजेरीत धरलं गेलं होतं; तिचा मृतदेह काही तासांनी सापडला.

दुसरा अपघात लुइझियानातल्या गाइस्मारचा, 13 जून 2013चा. विल्यम्स कंपनीच्या प्लँटमध्ये एक रीबॉयलर स्टँडबाय ठेवलेला होता. सेफ्टी व्हॉल्व्ह होता वरच्या कॉलमवर, आणि मधले ब्लॉक व्हॉल्व्ह बंद. शेलमध्ये नकळत द्रव प्रोपेन साचलं होतं. गरम पाणी चालू केल्यावर जेमतेम तीन मिनिटांत रीबॉयलर फुटला. दोघे गेले, 167 जण जखमी झाल्याची नोंद आहे. ते ब्लॉक व्हॉल्व्ह 2001 साली बसवले होते, प्लँट बंद न करता एकेक रीबॉयलर साफ करता यावा म्हणून. सोयीसाठी केलेल्या अशा बदलांकडे संशयानेच बघावं.

नियम तसा सोपा आहे. एएसएमईच्या कोडनुसार भांड्याचा कमाल मान्य दाब 10 बार असेल, तर एकट्या सेफ्टी व्हॉल्व्हचा सेट दाब त्याहून जास्त नसावा. तो पूर्ण उघडल्यावरही आतला दाब 11 बारच्या पुढे जाऊ नये. बाहेरून आग लागल्यास मुभा 12.1 बारपर्यंत. आपल्याकडे 2025पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी अॅक्ट, 1948चं कलम 31 सुरक्षित दाब ओलांडला जाणार नाही याची जबाबदारी कारखान्यावर टाकत होतं. दाबाखालच्या वायूंच्या टाक्यांचे नियम पेसो ही सरकारी संस्था पाहते.

एक्स्चेंजरच्या बाबतीत दोन प्रश्न हमखास विसरले जातात. एक, जास्त दाबाची ट्यूब फुटली तर कमी दाबाचा शेल तो दाब झेलेल का? दुसरा, थंड बाजूचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून गरम बाजू चालू ठेवली तर काय होईल? काठोकाठ भरून कोंडलेलं पाणी एक अंश तापलं तरी दाब काही बारने चढतो. तिथे छोटासा थर्मल रिलीफ व्हॉल्व्ह पुरतो, पण तो असावा तर लागतो! वीज जाऊन कूलिंगचे पंप थांबले आणि वाफ चालूच राहिली, हा प्रसंगही हिशेबात धर.

रिअॅक्टरचं गणित याहून अवघड. 23 मे 2024 रोजी डोंबिवली एमआयडीसीत रिअॅक्टर फुटला आणि दहाहून अधिक जीव गेले. पहिल्या बातम्यांत मात्र बॉयलर फुटल्याचं आलं. रिअॅक्शन हाताबाहेर गेली की वाफेबरोबर फेसाळ द्रवही उसळतो, आणि नुसत्या वाफेच्या हिशेबाने निवडलेला व्हॉल्व्ह तिथे अपुरा पडू शकतो. शिवाय बाहेर पडलेलं जातं कुठे? भोपाळला 1984 साली सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला होता, टाकीही फुटली नाही. विषारी वायू शहरावर गेला.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात आयसोलेशन व्हॉल्व्हची यादी माग. कुठला उघड्या स्थितीत कुलूपबंद आहे, किल्ली कुणाकडे असते, काम संपल्यावर तो उघडल्याची सही कोण करतं, हे विचार. यादीच नसेल तर पीअँडआयडी हातात घे, प्रत्येक लाइन पायी फिर आणि यादी स्वतः तयार कर.

तुझा,
काका