एकत्र यावे, पण सही कोणाची?

नांदेड-लातूर परिसरात न्यासाचे रुग्णालय चालविताना डॉक्टर टिकविणे, औषधखरेदी, हिशेबतपासणी हा सारा भार एकट्या संस्थेस जड जातो. ‘मोठ्या संस्थेशी जोडून घ्यावे काय?’ असे सभासद बंधुभगिनी वेळोवेळी विचारतात. ख्रिस्ती आरोग्यसंस्था या वाटेने फार पूर्वी गेल्या आहेत. म्हणून त्यांच्या कारभाराचा हा अल्प अभ्यास.

त्यांत दोन प्रकार दिसतात. १९०५ मध्ये स्थापन झालेली आणि १९२६ पासून ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडिया या नावाने ओळखली जाणारी संस्था, तसेच १९४३ ची कॅथॉलिक हेल्थ असोसिएशन, या सदस्यांच्या संघटना आहेत. सदस्य रुग्णालयाचे विश्वस्त मंडळ, इमारत व बँक खाते त्याचेच राहते. मध्यवर्ती संस्था प्रशिक्षण देते, शासनापुढे बाजू मांडते. हुकूम मात्र सोडू शकत नाही.

दुसरा प्रकार एकाच नोंदणीचा. परदेशी मिशनरी मायदेशी परतू लागल्यावर अडचणीत आलेली रुग्णालये सांभाळण्यासाठी १९७० च्या सुमारास इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन उभी राहिली. आपल्या लातूर जिल्ह्यातील दापेगावचे जी. एम. प्रिया रुग्णालय तिनेच चालविलेले. येथे नियामक मंडळ एक आणि मुख्य कार्यालय दिल्लीस. तोट्यातील रुग्णालयास सावरणे त्यामुळे सोपे होते. पण मोठा निर्णय गावापासून दूर जातो.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. परकीय अंशदान कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेस मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई झाली. एकाच नोंदणीतील संस्था अशी रक्कम आपल्याच रुग्णालयांवर खर्च करू शकते. सदस्यांच्या संघटनेस ती सदस्यांत वाटता येत नाही. तेव्हा सदस्य झालो की निधी येईल, ही अपेक्षा (ती बरेच जण बाळगून असतात!) सोडलेली बरी.

शिवाय मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने निर्धन व दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखावयाच्या आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. सदस्यत्व घेतल्याने हे दायित्व आपल्या न्यासावरून उतरत नाही.

आमच्या मते विश्वस्त सभेपुढे सदस्यत्वाचाच प्रस्ताव ठेवावा. जागेची मालकी, धनादेशावरील सह्या व वैद्यकीय अधीक्षकाची नेमणूक या तीन बाबी आपल्याकडेच राहतील, असे आधी लेखी घ्यावे लागेल.