लावणीच्या दिवसांतील ताप आणि शेतातील उंदीर

आषाढात लावणीची धांदल सुरू झाली की कोकणात बहुतेक घरांत कोणाला ना कोणाला ताप येतो. पावसात भिजल्यामुळे तो आला असे समजून काढा घेतला जातो, दुकानातून एखादी गोळी आणली जाते आणि दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा खाचरात उतरतो. तरवा तयार असतो, पाऊस थांबत नाही, मजूर मिळालेले असतात. अशा वेळी अंथरूण धरणे परवडत नाही. यांतील बरेचसे ताप चार दिवसांत निघून जातात हे खरे. परंतु काही तापांत हेच चार दिवस मोलाचे असतात. ते हातचे गेले म्हणजे रोगी कावीळ घेऊनच दवाखान्यात पोचतो.

ताप हे रोगाचे लक्षण आहे. निरोगी शरीराचे उष्णतामान ९८.६ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. रोगजंतू शरीरात शिरले म्हणजे त्यांच्याशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी काही द्रव्ये रक्तात सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूतील नियामक केंद्र उष्णतामानाची पातळी वर नेते. ती गाठण्यासाठी स्नायू थरथरतात. म्हणूनच अंग तापत असताना थंडी वाजते. गोळीने उष्णतामान उतरते, जंतू मात्र जागच्या जागी राहतात. पान पिवळे पडले म्हणून ते खुडून टाकल्याने मुळाशी लागलेला रोग जात नाही, तसेच हे आहे.

पावसाळी तापांपैकी हिवताप व डेंग्यू हे डासांमुळे होतात व त्यांची माहिती आता गावोगाव पोचली आहे. लेप्टोस्पायरोसिस हा ताप मात्र डासांचा नव्हे. तो शेतातूनच येतो, आणि म्हणून शेतीखात्याच्या कार्यकर्त्यानेही तो नीट समजून घेतला पाहिजे.

जर्मन वैद्य वाइल यांनी १८८६ साली या रोगाच्या तीव्र स्वरूपाचे वर्णन केले. त्याचा जंतू १९१५ साली जपानमध्ये इनाडा व इडो यांनी शोधून काढला. हा जंतू मळसूत्रासारखा पीळदार असतो. उंदीर व घुशी यांच्या मूत्रपिंडात तो वस्ती करतो. त्या प्राण्याला बहुधा काही त्रास होत नाही, पण त्याच्या मूत्रावाटे जंतू बाहेर पडत राहतात. गुरे, डुकरे व कुत्री यांच्याकडूनही तो पसरतो. कोरड्या जमिनीत तो लवकर मरतो, परंतु ओल्या मातीत व साचलेल्या गोड्या पाण्यात काही आठवडे जगू शकतो. भाताचे खाचर म्हणजे त्याला मिळालेले आयते घरच. पायाची जखम, नखाजवळची चीर, फार वेळ भिजून मऊ पडलेली कातडी, डोळे व तोंड या वाटांनी तो शरीरात शिरतो. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर या रोगाची साथ आली होती, तीही अशाच दूषित पाण्यातून.

जंतू शिरल्यानंतर बहुधा ५ ते १४ दिवसांनी एकाएकी जोराचा ताप येतो. डोके दुखते, डोळे लाल होतात पण त्यांतून चिपडे येत नाहीत, आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही. पुढे फसवणूक होते ती अशी की, काही रोग्यांचा ताप आठवड्याभरात उतरतो, माणूस कामाला लागतो, आणि दोन-तीन दिवसांत रोग पुन्हा उलटतो. कावीळ होणे, लघवी कमी होणे, धाप लागणे किंवा थुंकीतून रक्त पडणे ही धोक्याची चिन्हे होत. सुरुवातीसच योग्य औषध मिळाले तर हा रोग बरा होतो. म्हणून लावणीच्या दिवसांत ताप येताच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे व आपण चिखलात काम केले आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. ॲस्पिरिनची गोळी मनाने घेऊ नये. डेंग्यू असल्यास तिच्यामुळे रक्तस्राव वाढतो. साथीच्या भागात आरोग्य खाते प्रतिबंधक गोळ्या देते. त्या त्यांच्याच सांगण्याप्रमाणे घ्याव्यात.

गमबूट वापरा असे सर्वत्र सांगितले जाते. गोठा झाडताना व चर उपसताना ते उपयोगी आहेत. परंतु चिखलणी केलेल्या खाचरात बूट रुतून बसतो आणि लावणी करणारी बाई तो पहिल्याच तासाला मेरेवर काढून ठेवते. त्यापेक्षा जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावणे, पायाला चिखल्या झाल्या असल्यास त्यांवर वेळीच उपचार करणे आणि काम संपताच स्वच्छ पाण्याने व साबणाने हातपाय धुऊन कोरडे करणे, हे घडण्याजोगे आहे.

मूळ उपाय उंदीर कमी करण्याचा. तो एकट्या शेतकऱ्याने करून भागत नाही. शेजारच्या बांधावरील उंदीर आठवड्यात परत येतात. उन्हाळ्यात शेतात खाण्यास काही नसते तेव्हा सर्व गावाने मिळून मोहीम घ्यावी. आदल्या दिवशी सर्व बिळे बुजवावीत व सकाळी जी उकरलेली दिसतील तीच वस्तीची समजावीत. त्यांत दोन दिवस बिनविषारी आमिष टाकून उंदरांना चटक लावावी. नंतर ९६ भाग भरडलेले धान्य, २ भाग गोडेतेल व २ भाग झिंक फॉस्फाईड यांचे आमिष, कृषि सहायकाच्या देखरेखीखाली, काठीने कालवून बिळांत टाकावे व बिळे बुजवावीत. या विषावर उतारा नाही. मुले, कोंबड्या व कुत्री दूर ठेवावीत. पावसात ते ओले होऊन वाया जाते. बांध अरुंद ठेवल्यास उंदरांना बिळे करण्यास जागा कमी मिळते. मेलेले उंदीर हाताने न उचलता फावड्याने खोल पुरावेत. पाण्याच्या ओहळात मुळीच टाकू नयेत.