करिअर मेळाव्याला जाताना: पिशवीत काय, वहीत काय?



दहावी-बारावीचे निकाल लागले की आयटीआयमध्ये, कॉलेजात करिअर मेळावे भरतात. 2023 च्या मे-जूनमध्ये राज्याच्या कौशल्य विकास विभागाने ठिकठिकाणी छत्रपती शाहू महाराज युवाशक्ती करिअर शिबिरं घेतली. असे मेळावे चांगलेच, पण तयारी करून गेलं तर.

काही वर्षांपूर्वी मी पुतणीला घेऊन अशाच एका मेळाव्याला मोकळ्या हातानं गेले. एका स्टॉलवर सांगितलं, "एक वर्षात नर्स, नोकरी पक्की. जागा दोनच राहिल्यात, आजच पैसे भरा." गटातून कर्ज काढून फी भरली. वर्ष संपल्यावर कळलं, त्या कागदावर नर्स म्हणून नोंदणीच होत नाही. पोरीचं वर्ष गेलं आणि हप्ते आम्ही पुढंही फेडत राहिलो. म्हणून हा धडा.

जाण्याआधी घरात बोला

मुलीला काय आवडतं, ते आधी तिलाच विचारा. बाहेरगावी राहायची तयारी आहे का? वर्षाला घरातून किती पैसे निघतील? हे वहीत लिहा. दहावीनंतर आयटीआय एक-दोन वर्षांचं, पॉलिटेक्निक डिप्लोमा तीन वर्षांचा. बारावीनंतर एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं. एवढं माहीत असलं की "एक वर्षात नर्स" ऐकताच शंका येते.

पिशवीत

गुणपत्रक, शाळेचा दाखला, आधार, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, यांच्या झेरॉक्स. मूळ कागद स्टॉलवर कुणाला देऊ नका. डोमिसाईल, नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणी यातलं काय लागणार ते मेळाव्यात विचारा आणि लगेच अर्ज करा. शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रात रांग असते.

प्रत्येक स्टॉलवर पाच प्रश्न

1. मान्यता कुणाची? नर्सिंगला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, फार्मसीला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया. बनावट विद्यापीठांची यादी यूजीसीच्या वेबसाईटवर असते.
2. सगळा खर्च किती? फी, परीक्षा, हॉस्टेल, मेस, गणवेश, एसटी पास, वेगवेगळं लिहून घ्या.
3. प्रवेश शासनाच्या कॅप फेरीतून की मॅनेजमेंट कोट्यातून?
4. मागच्या वर्षीच्या मुली कुठं कामाला लागल्या? दोघींशी बोलता येईल का?
5. मध्येच सोडलं तर पैसे आणि कागद परत मिळतात का?

तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासनाने पूर्ण माफ केली. पण प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. हॉस्टेल-मेसचा खर्च या माफीत येत नाही, तो धरूनच हिशोब करा.

तिथल्या तिथं सही नाही, पैसे नाहीत

"आजच भरा" म्हणणाऱ्याला "घरी विचारून सांगते" एवढंच सांगा. माहितीपत्रक घ्या. घरी येऊन शाळेतल्या सरांना किंवा बाईंना दाखवा.

आपल्यासाठीही विचारा. आरसेटीत राहण्या-जेवणासह मोफत प्रशिक्षण मिळतं. शिक्षण सुटलेल्या सुनेलाही सोबत न्या.

1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्यांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. लेकीसाठी आपणही मागं हटणार नाही. पण डोरलं मोडायच्या आधी पाच प्रश्न विचारू.

गटाच्या पुढच्या बैठकीत करा: एकीनं स्टॉलवाला व्हावं, दुसरीनं आई. पाचही प्रश्न मोठ्यानं विचारून बघा. शिक्षणासाठी कर्ज मागणाऱ्या ताईची वही गटानं आधी वाचावी, मग ठराव करावा.