पांपाच्या मैदानांतील एक गांव : सान अंतोनियो दे आरेको



भूगोलाच्या पुस्तकांत दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर ‘पांपा’ हा शब्द आपण सर्वांनीं वाचलेला असतो. ‘समशीतोष्ण कटिबंधांतील गवताळ प्रदेश, मुख्य धंदा गुरें पाळणें,’ एवढें पाठ केलें म्हणजे परीक्षेपुरतें काम भागतें. परंतु तेथील माणूस कसा राहतो, काय पितो, कोणाची आठवण जपतो, हें त्या एका ओळींत कोठून कळणार? म्हणून त्या प्रदेशांतील एका लहानशा गांवाची आज ओळख करून घेऊं. नकाशा समोर उघडून ठेवा, आणि मनानें माझ्याबरोबर चला.

भूमि

आर्जेंटिना देशाची राजधानी ब्युनॉस आयर्स ही ला प्लाता नदीच्या विशाल मुखावर वसलेली आहे. तेथून वायव्येस सुमारें ११० किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें सत्तर मैल, गेलें कीं आरेको नांवाची एक संथ नदी लागते. तिच्याच कांठीं सान अंतोनियो दे आरेको हें गांव आहे. वस्ती वीस हजारांच्या आगेमागे. विषुववृत्ताच्या दक्षिणेस ३४ अंशांवर असल्यामुळें तेथील ऋतु आपल्या उलट आहेत. नाताळ तेथें भर उन्हाळ्यांत येतो. आणि जुलई महिन्यांत, आपल्याकडे पाऊस कोसळत असतां, तेथें सकाळीं गवतावर हिंव पडलेलें असतें.

‘पांपा’ हा शब्द केचुआ भाषेंतील असून त्याचा अर्थ सपाट भूमि असा आहे. येथील माती खोल, काळसर व सुपीक आहे. पण तींत दगड म्हणून सांपडत नाहीं. झाडेंहि मूळचीं फार थोडीं. ‘ओंबू’ नांवाचा एक प्रचंड बुंध्याचा वृक्ष मैदानांत कोठें कोठें एकटा उभा दिसतो. परंतु त्याचें लाकूड इतकें भुसभुशीत, कीं त्याची ना तुळई होते, ना चांगलें सरपण. वाटसरूस सावली देणें एवढाच त्याचा उपयोग. दगड नाहीं आणि लाकूडहि नाहीं, ही गोष्ट मुलांनो, लक्षांत ठेवा. या प्रदेशाच्या पुढील इतिहासाची किल्ली तींत आहे.

गुरें कोठून आलीं?

आज आर्जेंटिना देशांत सुमारें पांच कोटी गुरें आहेत. म्हणजे दर माणसामागें एक जनावर म्हटलें तरी चालेल. असें असूनहि गाय, बैल व घोडा हे प्राणी मूळचे तेथील नव्हत. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं ते जहाजांतून आणिले. पेद्रो दे मेंदोसा यानें १५३६ सालीं ब्युनॉस आयर्सची पहिली वसाहत केली. पण उपासमार व मूळच्या रहिवाश्यांशीं झालेला झगडा यांमुळें १५४१ सालीं ती सोडून द्यावी लागली. पुढें हुआन दे गाराय यानें १५८० सालीं तें शहर पुनः वसविलें. या काळांत जीं जनावरें मोकाट सुटलीं, त्यांना गवताचा तोटा नव्हता आणि अडविणारें कुंपणहि नव्हतें. पाहतां पाहतां त्यांचे कळपच्या कळप झाले.

त्या काळीं मांसास गिऱ्हाईक नव्हतें, कारण तें टिकविण्याचें साधन नव्हतें. लोक जनावर मारीत, कातडें व चरबी काढून घेत आणि बाकीचें रानांत टाकून देत. कातड्याचे दोर, कातड्याचीं दारें, कातड्याच्या खाटा, आणि बसावयास गुरांच्या कवट्या, असा सर्व संसार एका जनावरावर चाले. पुढें मांस खारवून वाळविण्याचे कारखाने निघाले. तें सुकें मांस ब्राझील व क्यूबा येथील मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना खाऊं घालण्यासाठीं जात असे. एका देशांतील गुरांचा इतिहास दुसऱ्या देशांतील माणसांच्या बंधनाशीं असा जोडलेला आहे, हें विसरतां कामा नये.

गांवाची रचना

आरेको नदीच्या कांठीं पादुआचे संत अंतोनी यांच्या नांवानें एक लहान प्रार्थनामंदिर बांधलें गेलें, व १७३० च्या सुमारास त्याच्याभोंवतीं गांव उभें राहिलें. याच संताच्या नांवाचीं देवळें आपल्या गोमंतकांतहि आहेत. मध्यभागीं चौरस चौक, चौकाच्या बाजूस देऊळ व नगरसभेची इमारत, आणि चारी दिशांस सरळ रस्ते, ही स्पॅनिश वसाहतींची ठराविक रचना येथेंहि दिसते. घरें बहुतेक बैठीं, विटांचीं, खिडक्यांना लोखंडी गज. प्रसिद्ध सृष्टिशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन हा १८३३ च्या सप्टेंबर महिन्यांत घोड्यावरून सांता फे शहरीं जातांना याच गांवावरून गेला होता.

नदीवर विटांच्या कमानींचा एक जुना पूल आहे. तो १८५७ सालीं बांधिला. त्याच वर्षीं ब्युनॉस आयर्समध्यें देशांतील पहिली आगगाडी धांवली. पुलापासून जवळच ‘ला ब्लांकेआदा’ नांवाचें जुनें दुकान जतन केलेलें आहे. अशा दुकानास ‘पुल्पेरिया’ म्हणत. मीठ, साखर, कापड, दारू, सर्व कांहीं तेथें मिळे. वर्तमानपत्र नसलेल्या त्या रानांत बातमीहि तेथेंच मिळे. दुकानदार मात्र लोखंडी गजांच्या आड बसे, कारण गिऱ्हाइकांच्या कमरेस लांब सुरा असे, आणि पत्त्यांचा डाव केव्हां हातघाईवर येईल याचा नेम नसे.

येथें पाहुण्यास प्रथम ‘माते’ देतात. येर्बा नांवाच्या झाडाचीं वाळलेलीं पानें लहानशा भोपळ्याच्या भांड्यांत घालून त्यांवर ऊन पाणी ओततात व धातूच्या नळीनें तें चोखून पितात. भांडें एकच व नळीहि एकच. तीं सर्वांच्या हातांतून फिरतात. एक जण भरून देतो, दुसरा पिऊन परत करतो, मग तिसऱ्याची पाळी. पीत असतां ‘ग्रासियास’, म्हणजे ‘आभारी आहें’, असें म्हटलें, कीं ‘मला आतां पुरे’ असा त्याचा अर्थ होतो. म्हणून आपल्यासारख्या सौजन्यशील पाहुण्यानें पहिल्याच वेळीं आभार मानिले, तर त्यास दुसरें भांडें मिळणार नाहीं!

गाउचो आणि तार

या मैदानांत गुरांच्या मागें घोड्यावरून फिरणारा जो मनुष्य, त्यास ‘गाउचो’ म्हणतात. बहुधा स्पॅनिश व मूळ रहिवाशी अशा दोन्ही रक्तांचा तो असे. अंगावर पोंचो, हातांत कातड्याचा फांस, आणि कमरेस ‘बोलेआदोरास’. म्हणजे कातडी पट्ट्यांनीं एकत्र बांधलेले तीन गोळे. ते गरगर फिरवून फेंकले, कीं पळत्या जनावराच्या पायांस विळखा घालीत व तें खालीं पडे. ही युक्ति त्या भूमीच्या मूळ लोकांचीच होती. गाउचोनें ती त्यांच्यापासून घेतली.

तो स्वतंत्र होता, पण त्याच्या नांवावर वीतभरहि जमीन नव्हती. आणि येथूनच त्याचें दुर्दैव सुरू झालें. ब्युनॉस आयर्स प्रांतांत १८१५ सालीं असा हुकूम निघाला, कीं ज्याची स्वतःची मालमत्ता नाहीं, त्यानें चाकर समजलें जावें, आणि धन्याच्या सहीचा कागद त्यानें नेहमीं जवळ बाळगावा. कागद नसेल, तर तो भटक्या ठरे व सक्तीनें सैन्यांत पाठविला जाई. सरहद्दीवरील किल्ल्यांत असे कितीतरी गाउचो झिजले. त्या सरहद्दीपलीकडील मूळ रहिवाश्यांची स्थिति याहून दारुण झाली. १८७८ पासून पुढील सात वर्षांत जनरल रोका यांच्या मोहिमेनें व तिच्या पाठोपाठच्या स्वाऱ्यांनीं त्यांची भूमि हिरावून घेतली. अनेक मारले गेले, अनेक कुटुंबांची ताटातूट झाली.

आतां त्या दगड व लाकडाच्या गोष्टीकडे पुनः वळूं. कुंपणास दगड नाहीं, लाकूड नाहीं, म्हणून तीन शतकें मैदान मोकळें राहिलें. १८४५ च्या सुमारास रिचर्ड न्यूटन नांवाच्या इंग्रज जमीनदारानें आपल्या बागेस तारेचें कुंपण घातलें. तेथून तारेचा प्रसार झाला. तार आली आणि कळप वांटले गेले. पुढें आगगाडी आली. १८७६ सालीं ‘ल फ्रिगोरिफिक’ हें शीतगृह असलेलें फ्रेंच जहाज ब्युनॉस आयर्स बंदरांत आलें, आणि ताजें मांस समुद्रपार नेतां येईल हें सिद्ध झालें. मग मांसास मोल आलें, जमिनीस मोल आलें, परदेशांतून उत्तम जातीचे वळू आले, इटली व स्पेन येथून लाखों कष्टकरी आले. देश श्रीमंत झाला. भटकणाऱ्या गाउचोला मात्र जागा उरली नाहीं. तो कुंपणाच्या आंत आला आणि रोजंदारीवर राबूं लागला.

दोन ग्रंथ

गाउचोची कैफियत मांडिली होसे एर्नांदेस यांनीं. त्यांचें ‘मार्तिन फिएर्रो’ हें काव्य १८७२ सालीं प्रसिद्ध झालें व त्याचा दुसरा भाग १८७९ सालीं निघाला. जबरदस्तीनें सैन्यांत नेलेला एक गाउचो परत येतो, तों घर ओस पडलेलें व बायकामुलें नाहींशीं झालेलीं, अशी ती कथा आहे. विशेष हें, कीं ज्यांच्याविषयीं तें लिहिलें, त्या निरक्षर लोकांनींच तें पुल्पेरियांत दुसऱ्याकडून वाचवून ऐकिलें व पाठ केलें.

दुसरा ग्रंथ आरेकोचाच. रिकार्दो ग्विराल्देस (१८८६–१९२७) हे येथील मोठ्या जमीनदाराचे पुत्र. तरुणपणीं त्यांनीं हिंदुस्थानासह पूर्वेकडील अनेक देशांचा प्रवास केला होता. १९२६ सालीं त्यांनीं ‘दोन सेगुंदो सोंब्रा’ ही कादंबरी लिहिली. एक पोरका मुलगा एका वयस्क गाउचोच्या मागें घर सोडून निघतो, पांच वर्षें त्याच्याबरोबर गुरें हांकतो, आणि घोडा, पाऊस, भूक व मौन यांपासून शहाणपण शिकतो. अखेरीस आपणच एका मोठ्या जमिनीचे वारस आहों असें त्यास कळतें. पण त्या बातमीनें त्याला आनंद होत नाहीं, कारण आतां गुरूचा मार्ग निराळा झाला. या गाउचोचें मूळ म्हणजे सेगुंदो रामिरेस नांवाचा खराखुरा गुराखी होय. लेखक व तो गुराखी दोघेहि आरेकोच्या दफनभूमींत विसांवले आहेत. धन्यानें आपल्या चाकरास गुरु म्हणून ग्रंथांत बसविलें, ही गोष्ट लहान नव्हे.

उत्सव आणि पूर

१९३८ सालीं या गांवांत ग्विराल्देस यांच्या नांवानें गाउचो-संग्रहालय उघडण्यांत आलें. दहा नोव्हेंबर हा एर्नांदेस यांचा जन्मदिवस. १९३९ पासून तो ‘परंपरा-दिन’ म्हणून पाळला जातो, व त्या सुमारास आरेकोंत मोठा उत्सव भरतो. शेंकडों घोडेस्वार चांदीच्या साजानिशीं रस्त्यांतून जातात. घोड्यांचा प्रत्येक तांडा गळ्यांत घंटा बांधलेल्या एका घोडीमागून चालतो. कितीहि तांडे एकमेकांत मिसळोत, आपल्या घंटेचा नाद ओळखून घोडे बरोबर परत येतात. स्वारांची एक परीक्षाहि असते. कमानीस टांगलेली लहानशी कडी भरधांव घोड्यावरून हातांतील काडीनें टिपावयाची! चांदीचें नाजूक काम करणारे कारागीर येथें आजहि आहेत.

परंतु गांव म्हणजे नुसता उत्सव नव्हे. सपाट भूमीवर पडलेल्या पाण्यास वाहून जाण्यास उतार मिळत नाहीं. २००९ च्या डिसेंबरांत नाताळच्या दुसऱ्याच दिवशीं आरेको नदीस मोठा पूर आला. शेंकडों घरांत व त्या संग्रहालयांतहि पाणी शिरलें. गांवकऱ्यांनीं चिखल उपसून वस्तु वांचविल्या व पुढें संग्रहालय पुनः उभें केलें. इकडे १९९६ पासून नव्या जातीच्या सोयाबीनचें पीक मैदानभर पसरलें आहे. जेथें गुरें चरत, तेथें आतां नांगर व यंत्रें चालतात. एकदां तारेनें गाउचोस आंत घेतलें; आतां पिकानें गुरांना दूर सारलें.

या गांवापासून काय शिकावें?

ज्या माणसास एका काळीं कायद्यानें भटक्या ठरविलें, त्याच्याच नांवानें त्याच देशानें पुढें संग्रहालय बांधिलें. हा आदर खरा आहे. पण तो उशिरां आला. मार्तिन फिएर्रोचें काव्य आज तेथील शाळांतून शिकविलें जातें, परंतु सरहद्दीच्या किल्ल्यांत मेलेल्या कोणत्याहि गाउचोस त्याचा लाभ झाला नाहीं. पालकांनींहि या गोष्टीचा विचार करावा. श्रमकऱ्याचा पोशाख, त्याचीं गाणीं, त्याचीं हत्यारें कांचेच्या कपाटांत ठेवणें सोपें असतें. तो डोळ्यांसमोर असतांना त्याची मजुरी, त्याची जमीन व त्याचा मान राखणें अवघड असतें.

मुलांनो, नकाशा मिटण्यापूर्वीं एक काम करा. ब्युनॉस आयर्सच्या वायव्येस पेन्सिलीनें एक बारीक टिंब द्या आणि त्याच्यापुढें ‘आरेको’ असें लिहा. पुढच्या वेळीं ‘मुख्य धंदा गुरें पाळणें’ ही ओळ वाचाल, तेव्हां तीं गुरें पाळणारा कोण, आणि त्याचें पुढें काय झालें, हें तुम्हांस ठाऊक असेल.